राणीछाप घर: आइल ऑफ वाइटवरचं ऑस्बर्न हाउस

व्हिक्टोरिया राणी आपल्याकडे उरली ती रुपयावर, बागेत आणि स्टेशनात. राणीछाप रुपया आजही कुणाच्या तरी आजीच्या डब्यात निघतो, भायखळ्याची बाग अजून राणीची बागच आहे, आणि पाटी बदलून इतकी वर्षं झाली तरी जुना मुंबईकर व्हीटीलाच उतरतो. राणी स्वतः मात्र भारतात एकदाही आली नाही. तिने भारत घरी मागवला. ते घर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर, आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर आहे. उन्हाळ्याचे आणि सणावाराचे दिवस ती इथे काढायची, आणि २२ जानेवारी १९०१ च्या संध्याकाळी, ६३ वर्षं राज्य केल्यावर, ती इथेच गेली.

लंडनला आलेला मराठी पाहुणा सहसा विंडसर बघतो, फार तर केन्सिंग्टन राजवाड्यातली तिच्या जन्माची आणि बालपणाची दालनं बघतो. दोन्ही जागा चांगल्या आहेत. पण तिथे ती अनेकांतली एक आहे, कारण ते वाडे गादीचे. ऑस्बर्न तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, अल्बर्टचं, स्वतःचं होतं. १८४५ मध्ये त्यांनी खाजगी पैशातून जागा घेतली, जुनं घर पाडलं आणि १८५१ पर्यंत नवं बांधलं. तिच्यानंतर मुलाला, सातव्या एडवर्डला, ते नकोच होतं. त्याने १९०२ मध्ये ते देशाला देऊन टाकलं आणि आईच्या खोल्यांना लोखंडी दारं लावली. त्या खोल्या लोकांना दिसल्या १९५४ मध्ये, दुसऱ्या एलिझाबेथने परवानगी दिल्यावर. नंतरच्या पिढ्यांनी पडदे बदलले, भिंती रंगवल्या असं इथे फारसं झालं नाही. व्हिक्टोरियासाठी एकच दिवस असेल तर तो इथे घालवावा.

आता जाण्याचं, कारण दिवस बिघडतो तो इथेच. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून साउदॅम्प्टन सेंट्रलला जलद गाडीने साधारण सव्वा ते दीड तास. तिथून धक्क्यापर्यंत बस, किंवा पंधरा-वीस मिनिटं पायी. रेड फनेल कंपनीच्या दोन वेगवेगळ्या बोटी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून सुटतात, आणि घोटाळा होतो तो या दोघींत. रेड जेट ही वेगवान बोट अर्ध्या तासाच्या आत पोचवते, म्हणून लोक तीच घेतात. पण ती लावते काउझला, म्हणजे मेडीना नदीच्या पश्चिम तीरावर. ऑस्बर्न आहे पूर्व तीरावर, ईस्ट काउझला. मध्ये नदी, आणि ती ओलांडायला साखळीवर सरकणारी फेरी. लोक तिला फ्लोटिंग ब्रिज म्हणतात, आणि ती अधूनमधून बंद असते. ती बंद असली की अर्ध्या तासाची बोट अर्ध्या दिवसाला पडते. त्यापेक्षा मोटारी नेणारी मोठी फेरी घ्यावी. तिला तासभर लागतो, पायी प्रवाशांनाही घेतात, आणि उतरता थेट ईस्ट काउझला. तिथून घर दोन-अडीच किलोमीटर, बराचसा चढ. ४ आणि ५ नंबरच्या बस फाटकाशी थांबतात. पोर्ट्समथकडून यायचं तर राइडपर्यंत बोट आणि पुढे ४ नंबर. लंडनहून दारापासून दारापर्यंत एका बाजूचे तीन तास धरावेत, आणि घराला व बागेला मिळून किमान साडेचार. म्हणजे सकाळी सातच्या सुमारास वॉटर्लू सोडलं तरच हिशेब जमतो. नऊला निघालेले आवारातलं स्विस कॉटेज, म्हणजे मुलांसाठी बांधलेलं लाकडी घर, न बघताच परततात.

तिकीट इंग्लिश हेरिटेजचं, म्हणजे हे घर सांभाळणाऱ्या संस्थेचं. आधी ऑनलाइन घेतलं तर स्वस्त. याच सहलीत स्टोनहेंज आणि डोव्हरचा किल्लाही करणार असाल तर परदेशी पाहुण्यांसाठी त्यांचा ९ किंवा १६ दिवसांचा पास मिळतो. तीन मोठ्या जागा झाल्या की तो वसूल होतो. हिवाळ्यात घर रोज उघडं नसतं. तारीख न पाहता बोटीचं तिकीट काढू नये.

बाहेरून घर इटलीतल्या हवेलीसारखं दिसतं: दोन मनोरे, पायरी-पायरीने उतरणारे सज्जे, समोर सोलेंटची खाडी. अल्बर्टला ती नेपल्सच्या उपसागरासारखी वाटायची. ढगाळ दिवशी बघणाऱ्याला यासाठी बरीच कल्पनाशक्ती लागते. बांधणारा थॉमस कबिट हा लंडनचा बिल्डर. नामवंत वास्तुकाराला न बोलावता अल्बर्टने त्याच्याबरोबर बसून नकाशे केले. दगडासारखी दिसणारी भिंत विटेची आहे, वरून सिमेंटचा गिलावा, त्यावर दगडाच्या चिऱ्यांच्या रेघा. सज्ज्यांवरच्या कुंड्या आणि पुतळ्यांतही असंच ओतकाम पुष्कळ. खाऱ्या हवेत गिलाव्याला तडे जातात, त्यामुळे एखादी बाजू परांचीआड असली तर नशिबाला बोल लावू नये. जमिनींखाली लाकडी तुळयांऐवजी लोखंडी गर्डर आहेत, आगीच्या भीतीने. आणि वरच्या मजल्यावरचा आवाज खाली येऊ नये म्हणून मधल्या पोकळीत ठेचलेले शिंपले भरलेत. नऊ मुलांच्या घरात ही सोय किती कामाची, हे सांगायला नको.

आत बघण्याचा मार्ग ठरलेला आहे आणि तो दरबार दालनाशी संपतो. सुरुवातीची लांब मार्गिका पुतळ्यांनी भरलेली आहे, तिथे लोक उगाच वीस मिनिटं घालवतात. ती पाचात उरका.

जेवणघर, दिवाणखाना आणि बिलियर्डची खोली जिन्याभोवती सलग मांडल्या आहेत, दिवाणखाना आणि बिलियर्डच्या खोलीमध्ये तर भिंत नाही, नुसते खांब. यामागे दरबारी शिष्टाचाराची एक गंमत आहे. राणीसमोर तिने सांगितल्याशिवाय कुणी बसायचं नाही. बिलियर्डची खोली काटकोनात वळवल्यामुळे पुरुष मंडळी हाकेच्या अंतरावर राहायची पण नजरेआड, आणि नजरेआड असल्यामुळे बसू शकायची. दिवाणखान्यात काचेखाली संगमरवरी हात-पाय ठेवलेत, ते राणीच्या मुलांच्या तान्हेपणीचे. काहींना ते गोड वाटतात, काहींना रात्री आठवतात. जेवणघराच्या जमिनीवरची पट्टी मात्र पायाखाली येऊन जाते, ती चुकवू नका: मृत्यूनंतर राणीची शवपेटी त्या जागी ठेवली होती. १ फेब्रुवारीला ती अल्बर्टा नावाच्या राजनौकेतून पोर्ट्समथ बंदरातल्या गॉस्पोर्टला नेली.

वरच्या मजल्यावर आधी मुलांच्या खोल्या लागतात, मग राणीच्या. ऑस्बर्नचा खरा ऐवज या राणीच्या खोल्यांत आहे. बसायच्या खोलीत दोन टेबलं शेजारीशेजारी: एक तिचं, एक अल्बर्टचं. सरकारी कागदांच्या पेट्या इथे यायच्या, तो वाचून मजकूर सुचवायचा, ती सही करायची. घटनेने त्याला काहीच काम दिलं नव्हतं, पण टेबल दिलं होतं तिने. १४ डिसेंबर १८६१ ला तो विंडसरला वारला, वय ४२. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं ती एका टेबलावर बसली आणि दुसरं तसंच ठेवलं.

‘व्हिक्टोरियन’ म्हणजे सोवळं, हा समज याच खोल्यांत मोडतो. टेबलांसमोर भिंतभर विंटरहाल्टर या जर्मन चित्रकाराचं ‘फ्लोरिंडा’ हे चित्र आहे, १८५२ चं. उघड्या खांद्यांच्या आणि त्याहून बऱ्याच उघड्या तरुणींचा घोळका, आणि हे चित्र राणीने नवऱ्याला वाढदिवसाला दिलेलं. पलीकडे अल्बर्टच्या खोलीत नळाचं पाणी येणारा टब आहे आणि त्याच्या वरच्या भिंतीवर ग्रीक पुराणकथेतले हर्क्युलिस आणि ओम्फाले, तेही फारसे कपडे न घालता. काळ्या वस्त्रातली, गाल उतरलेली म्हातारी हीच राणी म्हणून आपल्याकडच्या पुतळ्यांनी डोक्यात बसवली. या घरात ती विशी-तिशीतली, नवऱ्यावर जीव टाकणारी बाई दिसते. तिने लिहून ठेवलेल्या दैनंदिनीतही ती तशीच आहे.

झोपायच्या खोलीत पलंगाच्या माथ्याशी घड्याळ ठेवायचा एक लहानसा खिसा आहे, अल्बर्टच्या खिशातल्या घड्याळासाठी. त्याच्या बाजूला त्याच्या मृत्यूशय्येवरचं चित्र, आणि तिच्या मरणाची नोंद करणारी पाटी. खोली लहान आहे आणि गर्दीच्या दिवशी दारात रांग लागते, मागचे ढकलतात. सकाळी दार उघडल्याबरोबर आत शिरलात तरच इथे दोन मिनिटं शांतपणे उभं राहता येतं. जवळच हाताने ओढून चालवायची लिफ्ट आहे, म्हातारपणी गुडघे धरल्यावर बसवलेली.

आणि मग, पाय बोलायला लागलेले असताना, दरबार दालन. मार्गाच्या शेवटी असल्यामुळे लोक इथे ‘वा’ म्हणून फोटो काढतात आणि चहाकडे वळतात. उलट करा: खालच्या मजल्यावर वेळ वाचवा आणि इथे पाऊण तास ठेवा.

घरात मोठा हॉल नव्हता, मोठ्या जेवणांना बाहेर तंबू ठोकावे लागत. म्हणून १८९० मध्ये हा नवा भाग काढला. सजावटीसाठी सल्ला घेतला जॉन लॉकवुड किपलिंगचा. मुंबईकराला हा माणूस परका नाही: १८६५ पासून दहा वर्षं तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होता, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पं त्याचीच. राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॉनॉट त्याला ओळखत होता आणि त्याने आपल्या घराची बिलियर्डची खोली हिंदुस्थानी धाटणीने करून घेतली होती. हा कॉनॉट १८८६ ते १८९० मुंबई लष्कराचा सरसेनापती होता, म्हणजे पुण्याच्या कॅम्पातला माणूस. पण ऑस्बर्नचं प्रत्यक्ष काम केलं ते किपलिंगच्या लाहोरच्या शाळेतल्या भाई राम सिंगने. सुतारकी घराण्यातला शीख कारागीर, १८९१ च्या थंडीत इथे येऊन राहिला. नक्षीचे नमुने त्याने घडवायचे, लंडनच्या जॅक्सन कंपनीने त्यावरून साचे करून प्लास्टर ओतायचं, अशी विभागणी.

हे माहीत असलं की बघण्याची पद्धत बदलते. प्रथमदर्शनी सगळं हस्तिदंत किंवा संगमरवर कोरल्यासारखं वाटतं. ते कोरीव नाही, ओतीव आहे: तागाच्या कापडावर आणि लाकडी पट्ट्यांवर चढवलेलं प्लास्टर, काही ठिकाणी कागदाच्या लगद्याचं काम. छताचे चौकोन एकेक करून तपासा, तोच साचा कितव्या घरात परत येतो ते सापडतं. शेकोटीवरचा पिसारा फुलवलेला मोर हा सगळ्यांच्या फोटोत असतो. त्याच्या नादात मागे वळून दारावर बघायचं राहतं, आणि तिथे गणपती आहे. इंग्लंडच्या राणीच्या जेवणाच्या दालनात दारावर गणेशपट्टी, तीही एका शिखाने बसवलेली. शैली मात्र एका प्रांताची नाही. मुघल, पंजाबी, राजपूत असं एकत्र कालवलेलं आहे, जशी आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलची सजावट असते. आपल्याकडच्या वाड्याची किंवा हेमाडपंथी देवळाची खूण शोधू नका, सापडणार नाही. राणीला काम इतकं आवडलं की तिने राम सिंगचं चित्र काढून घेतलं. पुढे तो लाहोरच्या त्याच शाळेचा प्राचार्य झाला. अमृतसरचं खालसा कॉलेज त्याने आखलं.

त्याचं चित्र बाहेरच्या मार्गिकेत शोधावं. दालनापेक्षाही ही मार्गिका मोलाची. १८८६ मध्ये लंडनला वसाहतींचं प्रदर्शन भरलं, तिथे हिंदुस्थानी कारागीर आणले होते, बरेचसे आग्र्याच्या तुरुंगात हस्तकला शिकलेले. राणीने रुडॉल्फ स्वोबोदा या ऑस्ट्रियन चित्रकाराकडून त्यांची चित्रं करून घेतली, आणि मग त्याला भारतातच धाडलं, तिथली माणसं रंगवायला. चित्रं लहान आहेत, पुस्तकाच्या पानाएवढी, म्हणून दालनाकडे निघालेली गर्दी त्यांना ओलांडून जाते. जवळ जाऊन नावं वाचा. कुंभार, विणकर, शिपाई, शाळकरी पोरं. राजे-महाराजांचे दरबारी थाटाचे चेहरे जगभर मिळतात. १८८६ च्या आग्र्याचा बक्षीराम कुंभार असा डोळ्यांत डोळे घालून दुसरीकडे कुठे भेटणार?

याच भिंतीवर मुन्शी आहे. अब्दुल करीम, आग्र्याचा, १८८७ मध्ये चोविसाव्या वर्षी जेवण वाढायला आला आणि वर्षभरात राणीचा शिक्षक झाला. ती सत्तरीच्या उंबरठ्यावर उर्दू लिपी गिरवायला लागली, वह्या भरल्या. इथल्या आवारात त्याला घर दिलं. घरच्यांचा आणि दरबारी लोकांचा जळफळाट एवढा, की ती गेल्यावर एडवर्डने तिची पत्रं त्याच्याकडून काढून घेऊन जाळायला लावली. ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’ सिनेमा बघून येणारे मुन्शीसाठी येतात. पण त्याच्याजवळच महाराजा दुलीप सिंगही आहे, विंटरहाल्टरने १८५४ मध्ये रंगवलेला: पंजाब आणि कोहिनूर दोन्ही गेलेला पोरगा, दागिन्यांनी मढवून उभा केलेला. आधी त्याच्यासमोर थांबा.

आता तक्रार. दालनातल्या काचेच्या कपाटांत चांदीच्या, चंदनाच्या, हस्तिदंताच्या पेट्या आहेत. १८८७ आणि १८९७ च्या ज्युबिलींना हिंदुस्थानातल्या संस्थानांनी आणि शहरांनी धाडलेली मानपत्रं त्यांत होती. कारागिरी अव्वल आहे. पण या पेट्यांवरून सगळा देश राणीच्या प्रेमात होता असं वाटतं, आणि दालन तसंच वाटावं म्हणूनच बांधलेलं आहे. मराठी वाचकाने इथे आपली टिपणं सोबत आणावीत. १८९७ ची हीरक ज्युबिली म्हणजे २२ जूनची तीच रात्र, जेव्हा गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमधली मेजवानी आटोपून निघालेल्या रँडवर आणि आयर्स्टवर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. प्लेग होता, दुष्काळ होता, प्लेगच्या तपासणीसाठी सोजीर घरात शिरत होते. मुंबईत राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली ती आपणच, असं दामोदर चाफेकरांनी आत्मवृत्तात लिहून ठेवलंय. खंडेराव गायकवाडांच्या पैशाने उभा राहिलेला तो पुतळा आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या मागे आहे. ऑस्बर्नची पेटी आणि भायखळ्याचा पुतळा, दोन्ही बघितल्याशिवाय राणीचा हिशेब पुरा होत नाही.

बाहेर पडल्यावर स्विस कॉटेज. चालत वीस मिनिटं. थकलात तर आवारातली छोटी बस नेते, पण ती दर मिनिटाला नसते, थांब्यावरची वेळ आधी बघून ठेवा. १८५४ च्या सुमाराला तयार झालेलं हे लाकडी घर मुलांसाठी होतं, आतली चूल आणि भांडी त्यांच्या मापाची. प्रत्येक मुलाला वाफा, प्रत्येकाच्या हातगाडीवर त्याची आद्याक्षरं. पिकवलेली भाजी अल्बर्ट बाजारभावाने विकत घ्यायचा. राजघराण्यातल्या पोरांना मटाराचा भाव कळावा म्हणून एवढा खटाटोप. शेजारी मुलांचं संग्रहालय आहे: शिंपले, दगड, पेंढा भरलेले पक्षी, पाच पायांचं हरीण. लहान मुलं बरोबर असतील तर दुपार इथेच जाते.

त्याच वाटेने खाली किनारा, २०१२ पासून लोकांना खुला. राणीची स्नानाची गाडी तिथे आहे: चाकांवरची लाकडी खोली, रुळांवरून पाण्यात सोडायची, आत कपडे बदलून पायऱ्यांवरून थेट समुद्रात. ३० जुलै १८४७ ला तिने आयुष्यात पहिल्यांदा समुद्रस्नान केलं, या गाडीतून. किनारा अरुंद आणि खड्यांचा आहे. जुहूच्या अपेक्षेने येऊ नये.

खाणं ठीकठाक: सँडविच, सूप, केक, स्कोन आणि चहा. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण चटणीचा डबा सोबत असलेला बरा. दुकानात मुरांबे, चहाचे डबे, राणीचं चित्र असलेले टॉवेल. पुस्तिकेव्यतिरिक्त काही घेतलं नाही तरी चालेल. पुस्तिका मात्र आत जाण्याआधी घ्या, कारण खोल्यांतली माहिती तुटक आहे आणि घरी आल्यावर वाचून उपयोग नाही.

सज्ज्यावर मर्टलचं झुडूप आहे. अल्बर्टच्या आजीने दिलेल्या फुलांतल्या फांदीपासून वाढवलेलं. १८५८ मध्ये थोरल्या मुलीच्या लग्नापासून राजघराण्यातल्या नववधूंच्या हातातल्या फुलांत त्याची डहाळी असते. पाटी लहान आहे, माळ्याला विचारलं तर दाखवतो.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर उत्तम. ऑगस्टच्या सुरुवातीला काउझमध्ये शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचा आठवडा असतो. तेव्हा फेऱ्या भरतात, खोल्यांचे भाव चढतात आणि परतीच्या बोटीला उभं राहून जावं लागतं. त्या आठवड्यात जाणं भाग असेल तर परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा आणि संध्याकाळच्या शेवटच्या बोटीवर भिस्त ठेवू नका.